भीतीचा खेळ आणि खेळातली भीती



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी कामगार यांपलीकडे जाणार नाही, अशी सर्वांची खात्री असते. चालकांनीही आम्हांला तसाच विषय सुचविला होता. परंतु गेले वर्षभर एक निराळाच प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला आहे, आणि तो आपल्यापुढे मांडण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. प्रश्न भीतीचा आहे, आणि तोही संगणकाच्या पडद्यावर खेळावयाच्या भीतिदायक व्हिडिओ गेमच्या निमित्ताने. पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींना हा पोरखेळ वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. या पोरखेळातून निघून आम्ही शेवटी कारखान्याच्या दाराशीच येणार आहोत.

आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील एका लोखंडी कपाटातल्या पुस्तकांवर आणि गावच्या वाचनालयात. तेव्हा मानसशास्त्राचे किंवा साहित्यशास्त्राचे पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. जे वाचले, जे अंगावर आले आणि जे चुकले, ते सांगण्यासाठी उभे आहोत.

एका कपाटातील पाव तास

आमचा भाचा शिकाऊ कामगार आहे आणि आमच्याकडेच राहतो. त्याने पैसे साठवून, सवलतीच्या दिवसांत, 'एलियन: आयसोलेशन' नावाचा एक खेळ विकत घेतला. २०१४ साली इंग्लंडमधील एका कंपनीने तो तयार केला. 'एलियन' हा रिडली स्कॉट यांचा चित्रपट १९७९ साली आला होता. त्याच कथेचा धागा पुढे नेऊन हा खेळ रचलेला आहे. अवकाशात तरंगणारे एक मोडकळीस आलेले स्थानक, त्यात आपल्या हरवलेल्या आईचा शोध घेत आलेली अमांडा नावाची एक तरुण यंत्रज्ञ, आणि त्याच स्थानकात मोकाट फिरणारा एक परग्रहावरचा राक्षसी प्राणी. हा प्राणी कशानेही मरत नाही. ज्वाळा फेकून त्याला क्षणभर मागे हटविता येते, एवढेच. एरवी टेबलाखाली सरपटावे, कपाटात शिरावे, श्वास रोखून धरावा आणि तो निघून जाण्याची वाट पाहावी.

दीड महिना झाला तरी भाच्याची गाडी पुढे सरकेना. त्याचे मित्र हा खेळ केव्हाच संपवून मोकळे झाले होते. आजकालच्या मुलांच्या तोंडी 'फट्टू' असा एक शब्द आहे. त्या शब्दाने ते त्याला हिणवू लागले. एके रात्री तो आम्हांला म्हणाला, "मामा, गोष्ट फार चांगली आहे हो. पुढे काय होतं ते बघायचंय. पण पुढे जाववतच नाही."

आम्ही पोलिसांच्या लाठ्या दोनदा खाल्लेल्या आहेत. भाडोत्री गुंडांच्या समोर उभे राहून सभा घेतलेल्या आहेत. आम्ही म्हणालो, "ऊठ, दे इकडे!" भाच्याने कोणते बटन कशासाठी ते समजावून दिले आणि कानावर हेडफोन चढविले. पहिल्या पाच मिनिटांत छतातून काहीतरी धप्पकन उतरल्याचा आवाज झाला. आम्ही जे कपाटात शिरलो ते पाव तास कपाटातच! दाराच्या फटींतून तो प्राणी दिसे, जाई, पुन्हा येई. तो गेला हे कळत होते, तरी बाहेर पाऊल टाकण्याचे बटन दाबायला बोट तयार होईना. तळहाताला घाम सुटला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पाने वाढल्याची हाक आली. इतक्या तत्परतेने आम्ही आजवर कधीच जेवायला उठलो नव्हतो.

त्या रात्री भाचा हसला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. मामालाही हे जमत नाही, याचा त्याला आधार वाटला असावा. आम्हांला मात्र झोप लागेना. पडद्यावर एक चित्र हलत आहे, ते आपल्याला ओरखडाही काढू शकत नाही, हे पक्के ठाऊक असताना आपण भ्यालो कशाला? आणि ज्यांना यात आनंद वाटतो, ते आपल्याहून निराळ्या मातीचे असतात काय?

काचेपलीकडचा साप

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार जुने निघाले. चार्ल्स डार्विन याने मनोविकारांच्या बाह्य चिन्हांवर १८७२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने स्वतःवर केलेला एक प्रयोग सांगितला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेच्या आड एक आफ्रिकेतील विषारी साप ठेवलेला होता. डार्विनने काचेला चेहरा जवळजवळ चिकटविला आणि निश्चय केला, की सापाने झेप घेतली तरी हलावयाचे नाही. सापाने झेप घेतली मात्र, आणि डार्विनसाहेब दोन पावले मागे उडाले! काच जाड आहे हे त्याला ठाऊक होते. सापदंशाचा अनुभव त्याला जन्मात नव्हता. तरी त्याचा निश्चय आणि त्याची बुद्धी, दोन्हीही त्या क्षणी निरुपयोगी ठरली.

असे होते याचे कारण शरीररचनेत आहे. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. धोक्याची चाहूल लागली की शरीराला सावध करण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो. डोळ्यांनी काय पाहिले आणि कानांनी काय ऐकले याचा पूर्ण विचार होण्याआधीच हा इशारा सुटलेला असतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते. हे द्रव्य १९०१ साली ताकामिने या जपानी रसायनज्ञाने शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते उतरताच हृदयाचे ठोके वाढतात, बाहुल्या रुंदावतात, स्नायूंकडे रक्त धावते. पळावयाचे किंवा झुंजावयाचे, यासाठी शरीर कंबर कसते. बुद्धी मागाहून येते आणि म्हणते, 'अरे, ही तर काच आहे!' तोवर आपण दोन पावले मागे गेलेलो असतो.

आता एवढ्यावरून एक गोष्ट निश्चित होते. दचकणे हा स्वभावाचा दोष नव्हे. ज्या पूर्वजांनी गवतातील सळसळ ऐकून आधी उडी मारली आणि मग विचार केला, त्यांचा वंश टिकण्याची शक्यता अधिक होती. दचकणाऱ्याला हसणारा गडीसुद्धा दचकत असतोच. फरक असलाच तर तो दचकल्यानंतरच्या क्षणांत असतो. एकाच्या मनात काच लवकर परत येते. दुसऱ्याच्या मनात ती येतच नाही, किंवा येईपर्यंत साप पुन्हा झेप घेतो.

भीतीचा कारखाना

आम्ही कारखान्यातील माणसे, तेव्हा कोणताही माल पाहिला की तो कसा तयार होतो हे पाहिल्यावाचून आम्हांला चैन पडत नाही. भीतीही अशीच मापून, जोडून, घडवून तयार केली जाते, आणि तिची कारागिरी पाहण्यासारखी आहे.

१९९६ साली जपानमध्ये 'रेसिडेंट ईव्हिल' नावाचा खेळ निघाला. त्यात एका ओसाड हवेलीत खोलीमागून खोली धुंडाळावयाची असते. त्या काळच्या यंत्राला नव्या खोलीचे चित्र तबकडीवरून वाचून घ्यावयास काही क्षण लागत. तेवढा वेळ पडदा रिकामा ठेवण्याऐवजी अंधारात एक दार कुरकुरत, सावकाश उघडताना दाखविले जाई. यंत्राची ही उणीव भरून काढता काढता खेळणाराच्या काळजाचे पाणी होई. कारण त्या दारापलीकडे काय आहे, हे त्याला ठाऊक नसे. १९९९ च्या 'सायलेंट हिल' या खेळातही असेच झाले. दूरवरचा रस्ता रंगविण्याचे बळ यंत्रात नव्हते, म्हणून साऱ्या गावावर धुके पसरविले. मग धुक्यातून कोण येत आहे हे कळावयाचे कसे? तर नायकाजवळ एक छोटा रेडिओ दिला. भयंकर प्राणी जवळ आला की तो रेडिओ खरखरू लागे. दिसत काहीच नाही आणि खरखर मात्र वाढत आहे, यासारखी भीती नाही.

२०१० साली स्वीडनमधील एका लहानशा कंपनीने 'अ‍ॅम्नेशिया' नावाचा खेळ काढला आणि खेळणाराच्या हातातील शस्त्रच काढून घेतले. जुना किल्ला, स्मृती गेलेला नायक, हातात एक कंदील आणि त्यातले संपत येणारे तेल. अंधारात थांबावे तर नायकाचे चित्त भ्रमिष्ट होऊ लागते. उजेड करावा तर राक्षसाच्या नजरेस पडण्याची धास्ती. राक्षसाकडे नीट पाहण्याचीही सोय नाही, कारण त्यानेही चित्त ढळते. शिवाय यातील दार नुसते बटन दाबून उघडत नाही. माऊस धरून ते हाताने ओढावे लागते. किती उघडावे, किती वेगाने उघडावे, हे आपल्याच हाती.

आणि आमच्या ओळखीचा तो 'एलियन'! त्याला दोन मेंदू दिलेले आहेत, असे म्हटले तरी चालेल. एक मेंदू पडद्यामागे बसलेला असतो, आणि खेळणारा कोठे लपला आहे हे त्याला सदैव ठाऊक असते. दुसरा मेंदू त्या प्राण्याचा. त्याला काही ठाऊक नसते. डोळ्यांनी पाहून आणि कानांनी ऐकून त्याने शोध घ्यावयाचा असतो. पडद्यामागचा अधूनमधून त्याला एवढेच सुचवितो, की त्या अंगाला जाऊन पाहा. म्हणून तो प्राणी आपल्या आसपास घुटमळत राहतो आणि तरी फसवणूक केल्यासारखे वाटत नाही. आमच्या बोलीत सांगावयाचे तर मालकाला सारे ठाऊक आहे, पण मुकादमाला तो फक्त दिशा दाखवितो.

परंतु खरी मौज पुढे आहे. त्या पडद्यामागच्या मेंदूपाशी खेळणाराच्या मनावर किती ताण पडला असेल याचे एक माप असते. प्राणी फार वेळ जवळ राहिला की ते माप भरते, आणि भरले की त्या प्राण्याला काही काळ दूर पाठविले जाते. सतत घाबरविले तर माणूस बधिर होतो किंवा खेळ टाकून उठतो, हे रचणारांना ठाऊक होते. हे आम्ही वाचले तेव्हा आम्हांला १९४८ च्या कारखाने कायद्याची आठवण झाली. सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, मध्ये निदान अर्ध्या तासाची सुटी द्यावी, असे त्या कायद्याने ठरविले. ती सुटी मिळविण्यासाठी कामगारांच्या कित्येक पिढ्या झगडल्या. खेळणाराला ती न मागता मिळाली. मात्र ती सर्वांना एकाच मापाने मिळाली, आणि अडचण तेथेच आहे.

गोडी कोठे संपते

माणसाला भीती गोड लागते, ही गोष्ट खोटी नाही. आजीच्या मांडीवर डोके ठेवून मुंजाची नि वेताळाची गोष्ट आपण सर्वांनी मागून घेतलेली आहे. जत्रेतल्या उंच पाळण्यात पैसे देऊन बसलो आहोत. नारायण धारपांच्या कादंबऱ्या रात्री पांघरुणात वाचलेल्या मंडळी या सभेतही असतील. पण त्याच वेळी हेही आठवावे, की मांडी आजीची होती, पाळणा थांबणार हे ठाऊक होते, आणि पुस्तक मिटता येत होते.

डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठात मौजेच्या भीतीचा अभ्यास करणारी काही संशोधक मंडळी आहेत. व्हायले या गावी एका बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यात भुतांचा वाडा थाटलेला होता. लोक तिकीट काढून तेथे घाबरून घेण्यासाठी जात. या संशोधकांनी ११० माणसांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे बांधून त्यांना आत सोडले आणि बाहेर आल्यावर विचारले, किती भ्यालात, किती मजा आली? २०२० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. भीती वाढत जाते तशी प्रथम मजाही वाढते. पण एका ठिकाणी टेकडीचा माथा येतो, आणि त्यानंतर भीती वाढली की मजा उतरू लागते. फार थोडी भीती कंटाळवाणी, फार मोठी असह्य, आणि मधल्या पट्ट्यात गोडी.

आमच्या मते या टेकडीत सारा उलगडा आहे. ज्याला आपण धीट म्हणतो त्याची टेकडी थोडी पलीकडे असते, भित्र्याची अलीकडे. आमटीत तिखट कोणाला किती सोसते, यावरून आपण कोणाच्या चारित्र्याची परीक्षा करीत नाही. मग येथेच का करावी? याच मंडळींनी २०१९ साली आणखी एक गोष्ट दाखविली होती. वाड्यात काही जण भीती वाढवून घेत होते, काही जण ती दाबून ठेवण्यासाठी धडपडत होते. डोळे मिटीत होते, सोबत्याचा हात घट्ट धरीत होते, हे खोटे आहे असे स्वतःला बजावीत होते. बाहेर आल्यावर दोन्ही गट जवळजवळ सारखेच समाधानी होते. भीती दाबून धरणारालाही आनंद मिळतो, मात्र ती दाबण्याची साधने त्याच्या हाती असावी लागतात.

पाहणारा आणि करणारा

येथे कोणी विचारील, भयपट पाहताना न घाबरणारा माणूस हा खेळ खेळताना का घाबरतो? आमच्या भाच्याचे तसेच होते. चित्रपट तो मजेत पाहतो, आणि हाच खेळ दुसरा कोणी खेळत असेल तर तोही पाहतो. स्वतःच्या हाती आला की गारठतो.

या कोड्याचे उत्तर आम्हांला भरताच्या नाट्यशास्त्राच्या वाटेने सापडले. भरताने भयानक हा एक रस मानला आहे. पण भीती ही दुःखाची भावना. तिचा रस, म्हणजे आस्वाद, कसा होतो? सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमधील अभिनवगुप्ताने या ग्रंथावर टीका लिहिली, आणि तीत शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील हरणाचा दाखला घेतला. दुष्यंताच्या बाणापुढे ते हरिण धावत आहे, मान वळवून मागे पाहत आहे. प्रेक्षकाला त्याची भीती जाणवते. पण 'मी भ्यालो', 'हा माझा मित्र भ्याला' किंवा 'हा माझा शत्रू भ्याला', असे त्या भीतीवर कोणाचेच नाव उरलेले नसते. ती कोणा एकाची राहत नाही, म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. यालाच आपले शास्त्रकार साधारणीकरण म्हणतात. ज्या क्षणी भीती 'माझी' होते, त्या क्षणी रस मोडतो.

आता व्हिडिओ गेमकडे पाहा. चित्रपटातील नायिकेने दार उघडू नये असे आपण म्हणतो, ती उघडते, आणि जे व्हायचे ते होऊन जाते. आपण डोळे झाकून बसलो तरी चित्रपट पुढे सरकतो आणि आपल्याला पलीकडे नेऊन सोडतो. खेळात दार आपणच उघडावयाचे असते. आपण बोट हलविले नाही तर अमांडा कपाटात जन्मभर उभी राहील! भीती संपवावयाची तर भीतीतच पाऊल टाकावे लागते, आणि चूक झाली तर ती आपली. बरे, चुकीची किंमतही मोजून घेतलेली आहे. 'एलियन'मध्ये झालेली वाटचाल नोंदवून ठेवावयाची तर भिंतीवरच्या एका यंत्रापाशी जाऊन, पत्ता खुपसून, दिवे लागेपर्यंत उभे राहावे लागते. आणि तेवढ्या अवधीत तो प्राणी पाठीमागून येऊ शकतो. नोंद करण्यापूर्वी तो आला, तर अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. यंत्राला कॅमेरा जोडलेला असेल तर काही यंत्रांवर आणखी एक सोय करून घेता येते: आपल्या खोलीतला खोकला त्या प्राण्याला ऐकू जातो! प्रेक्षकाला हरणाची भीती चाखता येते. येथे तर आपल्यालाच हरिण केलेले असते.

म्हणून चित्रपटात रमणारा मनुष्य खेळात गारठला तर त्यात विसंगती नाही. त्याच्या गळ्यात जबाबदारी पडली आहे. ज्याचा जीव जबाबदारीने अधिक व्याकूळ होतो, तो तेथे अधिक भितो. आणि अशी माणसे कारखान्यात किंवा घरात वाईट असतात असा आमचा अनुभव नाही.

टेकडीवरून खाली उतरण्याच्या वाटा

तर मग अशा माणसाने काय करावे? खेळ रचणारांनीच हळूहळू काही वाटा काढल्या आहेत. 'अ‍ॅम्नेशिया'च्या त्याच स्वीडिश कंपनीने २०१५ साली समुद्रतळावरील कथेचा 'सोमा' नावाचा खेळ काढला. त्याची कथा मनुष्याचे 'मीपण' कशात आहे असा गंभीर प्रश्न विचारते. कित्येकांना ती कथा हवी होती, पण राक्षस सोसत नव्हते. तेव्हा २०१७ साली कंपनीने एक निर्धोक प्रकार जोडला; त्यात राक्षस फिरतात, पण जीव घेत नाहीत. 'एलियन'मध्येही मागाहून नवशिक्यांसाठी एक सोपी पातळी आली. २०२० साली आलेल्या 'ग्राउंडेड' या खेळात मुंगीएवढ्या झालेल्या मुलांवर कोळी धावून येतात. ज्यांना कोळ्याचे भय आहे त्यांच्यासाठी त्यात कोळ्याचे पाय कमी कमी करीत जाण्याची, शेवटी त्याचा नुसता गोळा करून टाकण्याची सोय आहे.

यावर काही जुने खेळाडू कुरकुरतात: भीती काढून टाकली तर उरले काय? हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. कमी तिखटाची मिसळ ही मिसळ राहते का, असा वाद आपणही घालतो. पण तिखट सोसणाराच्या ताटातले तिखट कोणी काढून घेतलेले नाही. शेजारच्या ताटात ते कमी पडले, एवढ्याने त्याचे काय बिघडले?

घरच्या घरी करावयाचे उपाय याहून साधे आहेत. हेडफोन काढावे आणि आवाज लहान करावा, कारण भीतीचा मोठा वाटा कानांतून येतो. दिवसा, खिडकी उघडी ठेवून खेळावे. अर्धा तास झाला की उठावे. पुढे काय आहे हे आधी विचारून घ्यावे. त्याने थोडी गंमत जाते, पण पाऊल उचलते. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे सोबत. २०२० साली निघालेला 'फॅस्मोफोबिया' हा भूत हुडकण्याचा खेळ चौघांना मिळून खेळता येतो. त्यात घाबरण्याइतकाच वेळ एकमेकांना हसण्यात जातो, असे मुले सांगतात. एवढे करूनही मजा येत नसेल तर खेळ बंद करावा. मोबदला न घेता स्वखुशीने पत्करलेल्या भीतीतून उठून जाण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि तो बजावण्यासाठी कोणाला कारण सांगावे लागू नये.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. असे खेळ खेळून माणूस शूर होतो, असे काही जण सांगतात. २०२० च्या महामारीच्या काळात अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत भयपटांचे शौकीन इतरांच्या मानाने कमी गांगरलेले आढळले, हे खरे. पण भयपटांनी त्यांना तसे केले, की मुळातच तशी असलेली माणसे भयपटांकडे वळली, हे तेवढ्यावरून ठरत नाही. खेळातील भीतीला बंद करण्याचे बटन असते. पगार थकलेल्या, नोटीस हाती पडलेल्या माणसाच्या भीतीला ते नसते. या दोहोंत गल्लत करू नये.

कारखान्याच्या दाराशी

आणि आता, कबूल केल्याप्रमाणे, कारखान्याच्या दाराशी.

१९९८ साली एका कारखान्यात टाळेबंदी झाली होती. एका सकाळी दारावर सभा ठरली. आदल्या रात्री बातमी आली की भाडोत्री माणसे येणार आहेत. आम्ही पहाटे घरून निघालो, एस. टी. स्टँडपर्यंत गेलो, आणि तेथून परत फिरलो. ताप आला असे घरी सांगितले. आमचे एक सहकारी मात्र दारावर गेले. एकटेच गेले. त्यांचा हात मोडला.

पुढे ती टाळेबंदी उठली, आम्हीही पुढारी झालो, आणि कित्येक सभांतून आम्ही न आलेल्या कामगारांना 'भित्रे' म्हणून झोडपले. टाळ्या पडत. ते सहकारी पहिल्या रांगेत बसलेले असत. त्यांना सारे ठाऊक होते. त्यांनी कधी एक अक्षर काढले नाही. आज ते हयात नाहीत.

भाच्याच्या खेळातील त्या कपाटात उभे राहून आम्हांला आठवला तो एस. टी. स्टँड. पाय तसेच जड झाले होते, तळहात तसेच ओले होते. पुढच्या सभेला आम्ही गेलो ते काही धीर एकाएकी वाढला म्हणून नव्हे. त्या दिवशी सकाळी दोघे कामगार आमच्या दाराशी आले, आणि "चला, बरोबरच जाऊ" म्हणाले. तेव्हापासून आमच्या संघटनेत, दारावर कोणी एकट्याने जावयाचे नाही, असा नियम आहे. तो नियम आम्ही केला. पण 'भित्रा' हा शब्द तोंडातून गेला नव्हता. तो आता गेला आहे. ज्याचे पाऊल उचलत नाही त्याला शिवी देऊन ते उचलत नाही. त्याच्याबरोबर चालावे लागते, पुढे काय आहे ते त्याला सांगावे लागते, आणि तरीही तो न आला तर त्याला घरी राहू द्यावे लागते. आमच्या सहकाऱ्यांनी आम्हांला तसे राहू दिले होते.

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' असे आपण म्हणतो आणि हसतो. ब्रह्मराक्षस पाठीशी लागला असताना त्या बिचाऱ्याजवळ कोणी उभे होते की नाही, हे ती म्हण सांगत नाही.

आमच्या भाच्याचा खेळ अजून संपलेला नाही. रविवारी दुपारी, आवाज लहान करून, सोपी पातळी लावून तो खेळतो. आम्ही शेजारी शेंगा सोलीत बसतो. तो प्राणी आला की दोघेही दचकतो, आणि मग कपाटाबाहेर पाऊल केव्हा टाकावयाचे ते दोघे मिळून ठरवितो. अमांडा आईच्या शोधात बरीच पुढे गेली आहे.